दाखल्यात लिहा, निकाहात पुसा

'जे आहे ते कबूल करा' हा उपदेश आमच्या समाजाला नवा नाही. सब्र करा, तकदीरमध्ये असेल ते मिळेल, हे आम्ही पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो आहोत. पोराला नोकरी नाही, तकदीर. पोरीची शाळा सातवीनंतर सुटली, तकदीर. कुरकुंभ किंवा रांजणगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराने उद्यापासून येऊ नको म्हटले, तीही तकदीरच. आमचे म्हणणे असे की, हे कबूल करणे नव्हे, ही हात झटकण्याची रीत आहे. उंट मोकळा सोडून तवक्कुलची भाषा करणाऱ्याला पैगंबरांनी काय सांगितले, हे मदरशातले लहान पोरही जाणते. खरे कबूल करणे म्हणजे आपण कोण आहोत, कुठल्या पायरीवर उभे आहोत, हे उघड्या डोळ्यांनी पाहणे आणि मग पुढच्या पायरीवर पाय टाकणे. नेमके तेच करायला आम्ही कचरतो.

पुरावा हवा असेल तर शाळेचे जनरल रजिस्टर उघडा. शिरूर आणि दौंड भागात जूनमध्ये पहिलीचे प्रवेश सुरू झाले की पालक फॉर्म भरून आणतात. धर्माच्या रकान्यात 'मुस्लिम' आणि जातीच्या रकान्यातही 'मुस्लिम'. कोणी तो रकाना कोराच ठेवतो. ज्याच्या घराण्याला अख्खी बाजारपेठ तांबोळी म्हणून ओळखते, तो आडनाव 'शेख' लावतो. बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन, अनेकांची हीच तऱ्हा. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "सर, इस्लाममध्ये जातपात नाही."

अगदी बरोबर. इस्लाममध्ये नाही. मशिदीच्या सफेत खांद्याला खांदा लागतो, तिथे कोणी कोणाची बिरादरी विचारत नाही. पण आम्ही फक्त सफेत राहत नाही, समाजात राहतो. पोरीचा रिश्ता आला की पहिला प्रश्न काय असतो? "कौन लोगां हैं?" त्या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळतो. तांबोळ्याची सोयरीक तांबोळ्यात, बागवानाची बागवानात. म्हणजे निकाहाच्या वेळी बिरादरी जिवंत असते आणि दाखल्याच्या वेळी ती एकाएकी हराम होते! हा दीनदारीचा विषय नाही. हा खोट्या मोठेपणाचा विषय आहे.

नव्वदच्या दशकात शब्बीर अन्सारी यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली. दिलीपकुमार यांच्यासारखा नामवंत कलावंत तिच्या व्यासपीठावर आला. या मंडळींनी सांगितले ते इतकेच की, आपण शेकडो वर्षे पाने विकली, कापूस पिंजला, मागावर बसलो, भाजीपाल्याच्या पाट्या वाहिल्या, हे लपवू नका. कष्टाच्या धंद्यात लाज कसली? 2006 साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालात देशातील मुसलमानांपैकी 40.7 टक्के लोक ओबीसी असल्याची नोंद आहे. ज्यांनी 'होय, आम्ही हे आहोत' असे मान्य केले, त्यांच्यासाठी राज्यात ओबीसींच्या 19 टक्क्यांचे आणि केंद्रात 27 टक्क्यांचे दार उघडले. ज्यांनी मान्य केले नाही, ते त्याच दारासमोर उभे राहून 'आमच्यावर अन्याय होतो' म्हणत राहिले. अन्याय होतोच, तो आम्ही नाकारत नाही. पण उघड्या दाराला कुलूप आहे असे म्हणणे हा आपणच आपल्यावर केलेला अन्याय आहे.

या कोऱ्या रकान्याची किंमत बाप चुकवत नाही, मूल चुकवते. बारावी सायन्सला गेलेल्या पोरीला जातीचा दाखला आणि मग पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. मग धावाधाव सुरू होते. आजोबांच्या मराठी शाळेचा दाखला, गाव नमुना नंबर 14 म्हणजे कोतवाल बुकातील जन्माची नोंद. अनेकदा आजोबांच्या कागदावर गुरुजींनी स्वच्छ अक्षरात जात लिहिलेली सापडते. चार इयत्ता शिकलेल्या, पुढे रेल्वेत खलाशी म्हणून लागलेल्या आजोबांचा कागद खरा निघतो आणि शिकलेल्या बापाच्या दाखल्यावर फक्त 'मुस्लिम' असते. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरमधील नोंद बदलून घेणे फार अवघड. राज्य शासनाने 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शैक्षणिक शुल्क माफ केले आहे. कागद नसलेल्या मुलीला त्याचा काय उपयोग?

काही जण म्हणतात, थोडे थांबा, सगळ्या मुसलमानांना एकत्र आरक्षण मिळेल. 2014 च्या जुलैमध्ये राज्य सरकारने पाच टक्क्यांचा अध्यादेश काढला होता. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातील चालू ठेवायला हरकत घेतली नाही. पण अध्यादेशाचा कायदा झालाच नाही, तो डिसेंबरमध्ये संपला. त्या पाच टक्क्यांसाठी जरूर लढावे. परंतु पहिलीत बसलेले मूल त्या लढाईचा निकाल लागेपर्यंत पहिलीत थांबणार नाही.

कोणी असाही आरोप करील की, हे मास्तर लोक समाजात फूट पाडतात. फूट कागदाने पडत नाही. ती आधीच पडलेली आहे, कागद फक्त ती दाखवतो. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्यांचे घराणे खरोखरच सय्यद, शेख किंवा पठाण आहे, त्यांनी खोटा दाखला काढावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांच्यातील गरिबांसाठी 2019 पासून आर्थिक दुर्बल घटकांचे दहा टक्के आरक्षण आहे, त्याचे प्रमाणपत्र त्यांनी मागावे. तेथेही आधी 'आम्ही गरीब आहोत' हे कबूल करावे लागते. उसनवारी करून थाटाचा वलिमा घालणाऱ्यांना तेही जड जाते!

जात कबूल करणे म्हणजे जात पाळणे नव्हे, एवढा फरक आम्हाला कळला पाहिजे. आजाराचे नाव केसपेपरवर लिहिल्याने आजार वाढत नाही, उपचार सुरू होतो. आज आम्ही उलटे करतो. कागदावरून जात पुसतो आणि घरात जपतो. आमची मागणी सरळ आहे. दाखल्यात लिहा, निकाहात पुसा. तांबोळ्याची शिकलेली पोर पिंजाऱ्याच्या शिकलेल्या पोराला द्या, आणि दोघांचे दाखले मात्र नीट जपून ठेवा. असे झाले तर दोन पिढ्यांनी कदाचित त्या दाखल्यांची गरज उरणार नाही.

तोवर येत्या जूनपूर्वी प्रत्येक घराने ट्रंकेतले जुने कागद बाहेर काढावेत. आजोबांची शाळा कोणती होती ते विचारावे. तिथल्या मुख्याध्यापकांकडे अर्ज करून उतारा घ्यावा. मशिदीच्या विश्वस्तांनी जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटे हे सांगावे. आम्ही उर्दू शाळांचे शिक्षक फॉर्म घेताना तो रकाना कोरा राहू देणार नाही. तकदीर अल्लाहच्या हाती आहे, पण फॉर्म भरण्याचे पेन त्याने आपल्या हाती दिलेले आहे.