हप्त्याच्या दोन पावले पुढे

परगावी राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या घराची ओढ जरा जास्तच असते. चेन्नईत नोकरीसाठी गेलेली मराठी जोडपी असोत, की सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून तिथल्या सोने-चांदीच्या पेठेत गेलेली गलाई व्यवसायातली कुटुंबे असोत, सुरुवात भाड्याच्या घरातच होते. दहा-दहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागायची त्या शहरातली जुनी पद्धत. त्यात भाषा वेगळी आणि घरमालकाच्या अटी वेगळ्या. मग एके दिवशी हिंमत करून कर्ज काढले जाते, गृहप्रवेश होतो आणि दुसऱ्या महिन्यापासून वीस वर्षांचा हप्ता मागे लागतो.

वीस वर्षे म्हणजे पाळण्यातले मूल पदवीधर होईपर्यंतचा काळ! तो कमी करता येणार नाही का? येतो. त्यासाठी लॉटरी लागायला हवी असे नाही. दरमहा थोडे जास्त भरण्याची सवय आणि एक हिशेबाची वही एवढे पुरे होते.

व्याजाचे गणित समजून घ्या

समजा, तुम्ही ३० लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे २७ हजार रुपये येईल. पहिल्या हप्त्यातले २२,५०० रुपये व्याजापोटीच जातात. मुद्दल फिटते ते जेमतेम साडेचार हजार! वर्षभरात तुम्ही सव्वातीन लाखांच्या आसपास भरता आणि कर्ज कमी होते ते फक्त ५६ हजारांनी. वीस वर्षांत एकूण व्याज होते जवळपास ३५ लाख, म्हणजे मूळ कर्जापेक्षाही जास्त.

आता याच कर्जात पहिल्या महिन्यापासून ३ हजार रुपये जास्त भरा. व्याजदर तोच राहिला, तर कर्ज सुमारे साडेपंधरा वर्षांत फिटते आणि नऊ लाखांच्या आसपास व्याज वाचते. दरमहा जमत नसेल तर दरवर्षी बोनस मिळाल्यावर एक हप्ता जादा भरा. तरीही साधारण साडेतीन वर्षे कमी होतात.

मात्र हे लवकर करायला हवे. पहिल्या वर्षाअखेरीस भरलेले ५० हजार रुपये सुमारे दहा हप्ते वाचवतात. तेच ५० हजार पंधरा वर्षांनी भरले, तर तीन हप्तेही वाचत नाहीत. म्हणून 'मुले मोठी झाली की बघू' हा विचार इथे महागात पडतो.

जादा रक्कम भरताना बँकेला लेखी कळवा, की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. हप्ता कमी करून घेतला तर महिन्याला थोडा दिलासा मिळतो, पण व्याजाची बचत पुष्कळ कमी होते.

तीन हजार आणायचे कुठून?

पगार वाढेल तेव्हा भरू, असे म्हणाल तर पगाराबरोबर खर्चही वाढलेला असतो. त्यापेक्षा तीन महिने घरातला प्रत्येक खर्च वहीत लिहा. किराणा, दूध, भाजी, पेट्रोल, शाळा, औषधे, बाहेरचे खाणे, मोबाइल, भेटवस्तू, सगळे काही. मोबाइलवरून क्षणात पैसे जातात, हातातून नोट सुटल्याची जाणीवही होत नाही. म्हणून वही हवीच. तीन महिन्यांनी दोघांनी एकत्र बसून ती वाचा. गळती कुठे आहे, ते कोणी सांगावे लागणार नाही.

काटकसर चेन्नईला नवी नाही. सभासदांनीच ठेवी ठेवायच्या आणि सभासदांनीच कर्ज घ्यायचे, अशा 'निधी' संस्थांची तिथे मोठी परंपरा आहे. मयिलापूरचा हिंदू पर्मनंट फंड तर १८७२ सालचा. मध्यमवर्गीयांना रास्त भावात किराणा मिळावा म्हणून ट्रिप्लिकेनमध्ये १९०४ साली ग्राहकांची सहकारी संस्था निघाली. आजही अनेक घरी महिन्याची यादी एकदाच होते. चार शेजारणी मिळून कोयंबेडूच्या घाऊक बाजारातून आठवड्याची भाजी आणून वाटून घेऊ शकतात. २०२१ साली राज्य सरकारने साध्या भाड्याच्या शहर बसमध्ये स्त्रियांना मोफत प्रवास सुरू केला, तेव्हा अनेकींच्या महिन्याच्या खर्चातून एक रकाना गळला. असा वाचलेला पैसा घरखर्चात विरघळू देऊ नका. त्याच दिवशी तो कर्जखात्यात टाका, नाहीतर तो वाचला हे कळणारही नाही.

ज्यांची मिळकत ठरावीक नाही, त्या व्यावसायिक कुटुंबांनी दरमहा जादा भरण्याचे ओझे घेऊ नये. हंगाम चांगला गेला की एकरकमी भरावे आणि मंदीच्या महिन्यांत फक्त हप्ता सांभाळावा.

काटकसर कोणाच्या ताटातून?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याकडे घरात काटकसर ठरली, की ती पहिल्यांदा गृहिणीच्या वाट्याला येते. तिची साडी पुढच्या वर्षावर जाते, तिची दातदुखी 'बघू नंतर' म्हणून राहते, कामवाली बंद होते आणि ते काम तिच्या अंगावर पडते. पतीचा शनिवारचा कार्यक्रम मात्र तसाच चालू राहतो. अशी काटकसर फार दिवस टिकत नाही, आणि टिकली तर मनात अढी ठेवून टिकते. कर्जाच्या कागदावर बहुधा दोघांच्या सह्या असतात. मग कपातही दोघांच्या खर्चात व्हायला हवी. दोघांनाही हिशेब द्यावा न लागणारी थोडी रक्कम हातखर्चाला असावी.

मुलांनाही विश्वासात घ्या. 'पैसे नाहीत' असे रोज ऐकणारे मूल धास्तावते. 'आपण घर लवकर आपले करून घेतोय' असे सांगितले, तर तेही हौसेने दिवे बंद करत फिरते. आणि औषधपाणी, शिक्षण, सकस आहार आणि विमा यांना कात्री लावायची नाही, हे आधीच ठरवून टाका.

आधी गंगाजळी, मग जादा हप्ता

सगळी शिल्लक कर्जात ओतून मोकळे होणेही शहाणपणाचे नाही. डिसेंबर २०१५च्या पुरात चेन्नईतल्या असंख्य घरांत पाणी शिरले. फ्रीज, गाद्या, दुचाकी, मुलांची पुस्तके, सगळे गेले. २०१९च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे तलाव आटले आणि टँकरचा खर्च घरोघरी अंगावर आला. डिसेंबर २०२३मध्ये मिचौंग चक्रीवादळाने पुन्हा पूर आणला. अशा वेळी कर्जात भरलेले पैसे बँक सहजी परत देत नाही. म्हणून हप्त्यासह निदान सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत राखून ठेवा.

क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा वैयक्तिक कर्ज असेल तर आधी ते फेडा. त्यांचे व्याज गृहकर्जापेक्षा पुष्कळ जास्त असते. प्राप्तिकराची सवलत जाईल म्हणून कर्ज लांबवणारेही भेटतात. जुन्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, नव्या पद्धतीत अशा घराला ती मिळत नाही. पण वजावट म्हणजे पूर्ण परतावा नव्हे. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलात, तरी शंभर रुपये व्याज भरून तीसेक रुपये कर वाचतो. उरलेले सत्तर तुमचेच जातात.

नियम तुमच्या बाजूने

रिझर्व्ह बँकेने जून २०१२मध्ये बँकांना बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास मनाई केली. स्थिर दराचे कर्ज असेल तर मात्र करारातली अट वाचून घ्या.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला, पण मुदत नकळत वर्षानुवर्षे लांबली. त्यानंतर ऑगस्ट २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यावी. म्हणून वर्षातून एकदा कर्जखात्याचा उतारा मागवा आणि किती हप्ते उरले ते मोजा. उलट दर कमी झाले, तर हप्ता कमी करून घेऊ नका. जुनाच हप्ता चालू ठेवा, म्हणजे झळ न लागता मुदत आटते.

शेवटचा हप्ता, शेवटचे काम

कर्ज फिटले की काम संपले असे समजू नका. बँकेकडून 'बाकी नाही' असा दाखला घ्या. डिसेंबर २०२३पासूनच्या नियमानुसार पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत मिळायला हवीत. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. तामिळनाडूत कर्ज घेताना कागदपत्रे ठेवल्याचा दस्त निबंधक कार्यालयात नोंदवला जातो. तो बोजा कर्ज फिटल्यावर तिथेच उतरवावा लागतो. हे राहून गेले, तर पुढे घर विकताना किंवा वारसाच्या नावे करताना कर्ज अजून आहे असेच दिसते. नोंद झाली की नवा बोजा दाखला काढा आणि त्यात घरावर कोणाचा हक्क उरलेला नाही ना, हे दोघांनी मिळून वाचा.

त्या दिवशी घरी श्रीखंड करायला हरकत नाही. खर्च मात्र वहीत लिहा!