हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

सन कंपनीने २००० साली खुल्या केलेल्या ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरची मालकी २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली. प्रकल्प कोणी आणि कुठे न्यायचा यावरून खटके उडाले. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वयंसेवकांनी वेगळी चूल मांडली, तीच लिबरऑफिस. पुढच्याच वर्षी ओरॅकलने मूळ कोड अपाची फाउंडेशनला देऊन टाकला. आयबीएमनेही आपल्या सिम्फनी या तशाच सॉफ्टवेअरचा कोड त्यात ओतला. पण राबणारे हात आधीच निघून गेले होते. अपाचीच्या ओपनऑफिसचा ४.१ हा आकडा २०१४ पासून हललेला नाही. लिबरऑफिसच्या मात्र वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या निघतात, मेनूही मराठीत मिळतो. कागदोपत्री मालकी कंपनीची असली, तरी अनेकांच्या घामाचा कोड परस्पर दान करणे हे हलवायाच्या घरावर तुळशीपत्रच. दात्याने कोड देण्याआधी माणसांशी बोलावे.