बिळातील डोळा

वेल्सच्या किनाऱ्यालगतच्या स्कोमर बेटावर मँक्स शिअरवॉटर या सागरी पक्ष्यांची ३ लाखांहून अधिक जोडपी बिळांत घरटी करतात. मादी वर्षाला एकच अंडे घालते. ते फुटले की त्या जोडप्याचा हंगाम बहुधा वायाच जातो. पूर्वी अभ्यासकांना बिळात हात घालावा लागे, प्रसंगी माती उकरावी लागे. आता लवचिक नळीच्या टोकाचा कॅमेरा अवरक्त प्रकाशात आतील अंडे, पिल्लू दाखवितो. या साधनाचे आम्ही स्वागतच करतो. उंदीर शिरलेल्या बेटांवर अशा पक्ष्यांची वाताहत झाली आहे. तेव्हा गणना हवीच. परंतु पोखरलेल्या भुसभुशीत जमिनीवर कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याच्याच पायाखाली बीळ ढासळते, हे विसरून कसे चालेल? यंत्र हाती आले म्हणून प्रत्येक बिळात डोकावण्याचा परवाना मिळत नाही. निवडक बिळे पाहूनही अंदाज बांधता येतो, तेवढ्यावर थांबावे.