कुठे जायचे, तेही सांगा

चक्रीवादळ किनारा ओलांडून गेले, आडव्या पडलेल्या माडांची छायाचित्रे छापून झाली, मेलेल्यांचा आकडा कळला, की शहरातली सुशिक्षित माणसे एक प्रश्न हमखास विचारतात. "दोन दिवस आधी सांगितले होते ना? मग ही माणसे घरे सोडून निघाली का नाहीत?" हा प्रश्न दिसतो प्रश्नासारखा, पण त्याला उत्तर नको असते. तो निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद असतो. विचारणाऱ्याच्या मनात आरोपी ठरलेला असतो आणि कलमेही ठरलेली असतात: अडाणीपणा, हट्ट, दैववाद. आरोपीची बाजू कुणी ऐकत नाही. एक तर ती सांगायला तो उरलेला नसतो, किंवा उरला असेल तर छपरावर उरलीसुरली कौले चढवण्यात गुंतलेला असतो.

माझे या प्रश्नाशी भांडण आहे. ते भांडण एवढ्यासाठी नव्हे, की घरात राहणे शहाणपणाचे असते. समुद्र दारात येणार असेल तर निघालेच पाहिजे, यात दुमत असण्याचे कारण नाही. भांडण एवढ्यासाठी आहे, की 'निघा' हे अर्धे वाक्य आहे, आणि उरलेले अर्धे वाक्य पुरे करण्याची जबाबदारी ज्यांची, तेच ते विसरून समोरच्याला मूर्ख ठरवतात.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. त्याच्या आधीचे दिवस आठवून पाहा. मार्चपासून सरकार सांगत होते, घराबाहेर पडू नका, चार माणसांत जाऊ नका, बाहेर रोग आहे. तेच सरकार २ जूनला सांगू लागले, घराबाहेर पडा आणि शंभर माणसांत जाऊन बसा, घरात वादळ आहे. दोन्ही आज्ञा आपापल्या जागी बरोबर होत्या, हे मला मान्य आहे. पण ज्या माणसाने पहिली आज्ञा निमूटपणे पाळली, त्याने दुसरी ऐकताना क्षणभर थबकावे, यात अडाणीपणा कुठला? कोकणात तर आणखी गंमत होती. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना गावोगावी शाळांतच चौदा दिवस वेगळे ठेवलेले होते. आणि वादळात आसरा म्हणून दाखवायला गावात पक्की इमारत कोणती, तर तीच शाळा.

श्रीवर्धनच्या बाजूला माझी एक चुलती राहते. तिच्याकडे तलाठी स्वतः आला. "काकू, औषधे आणि दोन लुगडी घ्या, शाळेत चला," असे त्याने अजिजीने सांगितले. काकू म्हणाली, "येत्ये हो भाऊसाहेब. पण गोठ्यातल्या दोघींना कुठं बांधू, ते सांगा. आणि शाळेत मुंबईची माणसं ठेवल्येत, त्यांच्यात बसवणार का मला?" तलाठी बिचारा प्रामाणिक. त्याच्याजवळ आदेश होता, उत्तर नव्हते. तो पुढच्या घरी गेला. काकू माजघरात बसून राहिली. पडवीचे छप्पर गेले, गोठा टिकला, आणि दुपारी त्या शाळेचे पत्रे उडाले.

आता ही हकीकत ऐकून कुणी टाळ्या वाजवील, की पाहा, काकूच शहाणी ठरली! मी तसे मुळीच म्हणत नाही. काकू वाचली म्हणून तिचा निर्णय बरोबर ठरत नाही, आणि शाळेचे पत्रे उडाले म्हणून तलाठ्याचा चूक ठरत नाही. वारा दोन मैल इकडे किंवा तिकडे वळला असता तर माजघराची भिंत आली असती. निकालावरून निर्णय जोखण्याची ही खोड फार वाईट आहे, आणि वादळांच्या बाबतीत तर ती माणसे मारते. १९६९ साली अमेरिकेच्या मिसिसिपी किनाऱ्यावर 'कमील' नावाचे भयंकर हरिकेन आले होते. वाऱ्याच्या मोजणीत ते सर्वांत वरच्या पायरीचे. त्यात ज्यांची घरे कोरडी राहिली, त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली, की याहून मोठे काय येणार! २९ ऑगस्ट २००५ रोजी 'कतरिना' आले. किनाऱ्यावर येताना त्याचा वारा कमीलपेक्षा कमी होता, पण वादळाचा घेर अफाट होता, आणि घेर मोठा म्हणून त्याने लोटलेले पाणीही अफाट होते. कमीलने न बुडवलेली घरे त्याने बुडवली. त्या भागात पुढे लोक म्हणू लागले, की कमीलने १९६९ पेक्षा २००५ मध्ये जास्त माणसे मारली.

याच्या उलट बाजूचा दाखलाही आहे. नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या भोला बेटाच्या परिसरात जे वादळ आले, त्यात तीन ते पाच लाख माणसे बुडाली. सूचना झाली होती. पण काही दिवसच आधी, ऑक्टोबरमध्ये, अशीच सूचना झाली होती आणि ते वादळ मानाने सौम्य निघाले होते. एकदा उगाच पळालेला माणूस दुसऱ्यांदा विचार करतो. हा मनुष्यस्वभाव आहे. त्याला बंगाली, कोकणी किंवा अमेरिकन असे काही नाव नाही.

आमच्याकडे सूचना देणारे वाऱ्याचा आकडा सांगतात. ताशी इतके किलोमीटर. बंदरावर बावटा चढतो, वृत्तपत्रांत ठळक अक्षरे येतात. पण खाडीकाठच्या माणसाला ताशी शंभर म्हणजे काय ते कसे कळावे? त्याला हे सांगा, की देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी येईल. वाऱ्यापासून भक्कम भिंतीआड बसून जीव वाचतो. पाण्यापासून वाचत नाही. कोणत्या वस्तीने घरात बसले तरी चालेल आणि कोणत्या वस्तीने निघालेच पाहिजे, हा भेद न करता सगळ्या तालुक्याला एकच आज्ञा सोडली, म्हणजे ती कुणालाच लागू पडत नाही.

आता हिशेबाकडे येतो, कारण राहणारा माणूस हिशेब करूनच राहतो. कोळ्याची होडी खाडीत नांगरलेली असते. वारा वाढला की दोर सैल-ताठ करायला माणूस लागतो. ती होडी त्याचे शेत आहे, दुकान आहे, आणि बहुधा कर्जही आहे. वाडीवाल्याचे तसेच. तुम्ही म्हणाल, तो वाडीत बसून काय माड धरून ठेवणार आहे? खरे आहे, नाही धरता येत. पण परत आल्यावर त्याला काय मिळते तेही बघा. निसर्ग वादळानंतर बागांना हेक्टरी पन्नास हजार रुपयांची मदत ठरली, आणि आधीच्या दरापेक्षा ती जास्त होती म्हणून बरेच कौतुकही झाले. हेक्टरात शंभराच्या आसपास गुंठे. म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. श्रीवर्धनकडे दहा गुंठ्यांची वाडी असलेला माणूस गरीब समजला जात नाही. त्याच्या हातात पाच हजार येणार. रोठा सुपारीचे नवे रोप लावून ते धरायला किती वर्षे जातात, हे हेक्टराच्या भाषेत बोलणाऱ्याला कुणी विचारायचे? त्यातून सातबारा सामाईक. सहा चुलतभावांची नावे, त्यांतले दोघे डोंबिवलीला, एक बडोद्याला, एक केव्हाच वारलेला. पाच हजारांसाठी सहा संमतिपत्रे! तेव्हा जे काही आहे ते आपल्या डोळ्यांसमोर राहू दे, एवढेच त्याला सुचते. हा हिशेब चुकीचा असेल. जिवाच्या मोलापुढे तो चुकीचाच आहे. पण तो हिशेब आहे, वेडेपणा नव्हे, आणि त्यातले आकडे त्याने घातलेले नाहीत.

श्रीमंत देशात तरी वेगळे काय घडले? न्यू ऑर्लिन्सच्या महापौरांनी शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश काढला तो २८ ऑगस्टच्या सकाळी, म्हणजे कतरिना येण्याच्या जेमतेम एक दिवस आधी. त्या शहरातल्या चौथाईहून अधिक घरांत मोटारच नव्हती. आदेश मात्र मोटारवाल्याला काढावा तसा होता. महिना अखेरीस हातात पैसे नसलेले, म्हातारे, आजारी, घरात कुत्रे आहे आणि निवाऱ्यात कुत्र्याला मज्जाव आहे म्हणून अडलेले, असे कितीतरी लोक मागे राहिले. आणि मग जगभरच्या दूरचित्रवाणीवर त्यांना विचारले गेले, तुम्ही निघाला का नाहीत? त्या कुत्र्या-मांजरांची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, अमेरिकेने कायदा केला, की लोकांना हलवण्याच्या योजनेत पाळीव जनावरांचीही सोय धरली पाहिजे. माझ्या काकूचा गोठ्यातल्या दोघींचा प्रश्न तिथे कायद्यात गेला.

आणि निघणे म्हणजे सुटणे, असेही नाही. कतरिनाच्या धसक्याने त्याच सप्टेंबरात 'रिटा' वादळापुढे ह्यूस्टनच्या बाजूची वीस लाखांहून अधिक माणसे एकदम रस्त्यावर आली. मैलोन् मैल मोटारी उन्हात अडकल्या. वृद्धाश्रमातल्या लोकांना घेऊन निघालेल्या एका बसला आग लागून २३ जण गेले. त्या वेळी पळण्यात शंभराच्या आसपास माणसे मेली. प्रत्यक्ष वादळाने त्याहून पुष्कळच कमी मारली.

बाईमाणसाचा प्रश्न तर आणखी निराळा. एप्रिल १९९१ मध्ये बांगलादेशात वादळात एक लाख अडतीस हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यांत बायका पुरुषांच्या कितीतरी पट. का? नवरा घरी नाही, त्याला विचारल्याशिवाय निघायचे कसे. कडेवर एक आणि हाताला एक मूल. अंगाला पाच-सहा वारांचा ओला पायघोळ. आणि निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायची, तीही शौचालयाशिवाय. पुढे तिथे निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळ्या खोल्या आणि शौचालये आली, गुरांसाठी मातीचे उंचवटे आले. सुधारणा कळसाला नव्हे, पायखान्याला झाली, आणि माणसे वाचू लागली. 'घर सोडण्याचा निर्णय' असे आपण म्हणतो तेव्हा घरातल्या कुणाचा निर्णय, हे विचारायला आपल्याला सुचतसुद्धा नाही.

इतका वेळ मी खडसावणाऱ्यांशी भांडलो. पण दुसरी एक जात आहे, आणि ती मला जास्त तापदायक वाटते, कारण ती आमच्या साहित्यातली आहे. ही मंडळी राहणाऱ्याला दोष देत नाहीत. त्याची आरती करतात. मातीचे प्रेम, वाडवडिलांचा उंबरठा, दर्याचा वाघ, सोशिक कोकणी माणूस! दिवाळी अंकांत असा एखादा म्हातारा दरवर्षी वादळात पाय रोवून उभा राहतो आणि कथा संपेपर्यंत पडत नाही. वाचक पान मिटतो, डोळे पुसतो आणि चकलीला हात घालतो. खडसावणारा निदान म्हाताऱ्याला बाहेर काढू इच्छितो. हे रसिक त्याला तिथेच उभा ठेवू इच्छितात, कारण तो निघाला तर यांची गोष्ट बिघडते. ज्याला जायला जागा नाही त्याच्या नाइलाजाला निष्ठा म्हणणे, हा गरिबीवर केलेला सर्वांत स्वस्त अलंकार आहे. काकूला उंबरठ्याचे प्रेम आहेच. पण तिने तलाठ्याला उंबरठ्याचे नाव सांगितले नव्हते. तिने दावणीची जागा विचारली होती.

मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळात मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ नावाचा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. सत्तरांहून अधिक गेली. वादळाची सूचना सगळ्यांना होती. किनाऱ्याला यायचे की नांगर टाकून तिथेच राहायचे, हा प्रश्न तिथेही होता. आणि त्यावर झोपलेल्या वेल्डरला किंवा स्वयंपाक्याला तो कुणी विचारला नव्हता. त्या माणसांवर लिहिताना कुणाला मातीच्या प्रेमाची आठवण झाली नाही, हे बरेच झाले.

मग लोक निघतात तरी कधी? ओडिशाकडे बघा. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे मेली. जगतसिंहपूर जिल्ह्यातल्या एरसमा भागात गावेच्या गावे पाण्याखाली गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. मे २०१९ मध्ये 'फनी' आले तेव्हा बारा लाख लोक हलवले, मृत ६४. चौदा-वीस वर्षांत उडिया माणसाचे मातीवरचे प्रेम आटले, असे कुणी म्हणेल का? आटले काहीच नाही. किनाऱ्यावर खांबांवर उभे, पक्के, पाण्याच्या वर असलेले निवारे बांधले गेले, आठशेच्या वर. एरवी त्यांत शाळा भरते, म्हणून वाट पायाखालची असते. गावातलीच पोरे स्वयंसेवक म्हणून तयार केली. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोणती बाई दिवस भरलेली आहे, हे त्यांना तोंडपाठ. सराव होतात. तिथे पोलिसाने हाताला धरून माणूस बाहेर काढला, असेही घडले असेल, आणि त्याला माझी हरकत नाही. जिथे जागा तयार आहे, तिथे सक्ती ही मायाच आहे. जिथे ती नाही, तिथे सक्ती म्हणजे माणसाला एका धोक्यातून उचलून दुसऱ्यात ठेवणे, आणि वर त्याच्याकडून आभाराची अपेक्षा करणे.

ओडिशातही सारे गोड झाले असे नाही. फनीने माणसे सोडली, पण पुरीच्या बाजूची कच्ची घरे नेली. जीव घेऊन परतलेल्यांना परत छपराशिवाय पावसाळा काढावा लागला. म्हणजे निवारा बांधून काम संपत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी बावटा चढेल तेव्हा आदेशाचा कागद काढणाऱ्यांनी एवढे लिहावे. कोणत्या वाडीने निघायचे आणि कोणत्या वाडीने घरातच थांबायचे. पाणी कुठवर येईल. गाडी किती वाजता, कुठल्या वडाखाली येईल, आणि चालता न येणाऱ्याला उचलायला कोण येईल. निवाऱ्याचे छप्पर सिमेंटचे आहे की पत्र्याचे. बायकांची खोली कोणती. गुरे कुठे बांधायची. मागे घरांवर पहारा कुणाचा. पडलेल्या वाडीचा पंचनामा कोण करील, आणि सहा चुलतभावांच्या सह्या नसल्या तरी पैसे मिळतील की नाही. हे सगळे एका कागदावर मावते. मी मोजून पाहिले आहे; लग्नपत्रिकेवर याहून जास्त मजकूर असतो.