कलम सहाचे कुलूप

लष्कराविषयी प्रश्न विचारणे म्हणजे लष्कराचा अपमान करणे, ही समजूत अलीकडे आपल्या घरांतूनही रुजू लागली आहे. महूची छावणी इंदूरच्या शेजारीच. आपल्यातील कित्येक घराण्यांत एखादा तरी गणवेशधारी निघतोच. म्हणूनच हा प्रश्न आपण विचारला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

मुलकी सेवेत आयुष्य घालविलेल्यांना एक नियम तोंडपाठ असतो. जमाव अन्य उपायांनी पांगत नसेल तर दंडाधिकारी लष्कराला पाचारण करतो, आणि लष्कराने कमीत कमी बळ वापरायचे असते. लष्कर येते ते मुलकी सत्तेच्या मदतीला, तिची जागा घ्यायला नव्हे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील हे कलम १३० आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४९ झाले आहे, आशय तोच.

१९५८ च्या सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याने ही चौकट मोडली. ‘अशांत’ घोषित प्रदेशात जमावबंदी मोडणाऱ्यावर, इशारा देऊन, प्राण जाईपर्यंत गोळी चालविण्याचा अधिकार त्यात आहे. त्याचा पूर्वज १९४२ चा, ‘छोडो भारत’ चिरडण्यासाठी काढलेला वटहुकूम. परक्या सरकारने हा अधिकार निदान कॅप्टन व त्यावरील दर्जापुरता राखला होता. स्वकीय संसदेने तो नाईक-हवालदारापर्यंत खाली आणला!

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला, हे त्याचे समर्थक आवर्जून सांगतात. त्याच निकालात बळ किमान असावे, घोषणेचा दर सहा महिन्यांनी फेरविचार व्हावा आणि खटल्याची मंजुरी देताना वा नाकारताना केंद्राने कारणे नोंदवावीत, असेही म्हटले आहे. ते सांगण्याचे मात्र राहून जाते.

या मर्यादांचे प्रत्यक्षात काय होते, ते ओटिंगमध्ये दिसले. नागालँडच्या मोन जिल्ह्यातील या गावाजवळ ४ डिसेंबर २०२१ रोजी कोळशाच्या खाणीवरून घरी परतणारे सहा मजूर लष्कराच्या विशेष दलाच्या गोळीबारात ठार झाले. पुढच्या हिंसाचारासह १४ नागरिक आणि एक सैनिक गेला. ओळखण्यात चूक झाली, असे गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितले. राज्य पोलिसांनी ३० सैनिकांवर दोषारोप ठेवले. २०२३ मध्ये केंद्राने मंजुरी नाकारली. २०२४ मध्ये मंजुरीअभावी सर्वोच्च न्यायालयाने कारवाई थांबविली. साक्षीपुराव्याची छाननी झालीच नाही.

हा अपवाद म्हणावा, तर जम्मू-काश्मीरचे आकडे पाहावेत. तेथील सरकारने २००१ पासून मंजुरीसाठी पाठविलेल्या ५० प्रकरणांपैकी ४७ मध्ये ती नाकारली गेली आणि तीन प्रलंबित होती, असे उत्तर जानेवारी २०१८ मध्ये राज्यसभेत दिले गेले. उत्तर देणारे संरक्षण राज्यमंत्री आपल्या धुळ्याचे होते.

अंधारात, क्षणार्धात निर्णय घेणाऱ्या जवानाला खोट्या खटल्यांपासून संरक्षण हवे, हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. पण त्याची कृती सद्‌बुद्धीने झाली की नाही, हे न्यायालयाने ठरवायचे की ज्याच्या हुकमतीखाली तो लढतो त्या सरकारने? निर्दोष जवानालाही आज न्यायालयाचा निर्दोषत्वाचा दाखला मिळत नाही.

न्यायमूर्ती जीवन रेड्डी समितीने २००५ मध्ये हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली होती. ती सरकारने मानली नाही. तेवढे धैर्य नसेल, तर निदान कलम सहात मुदत घालावी. मुलकी नोकरावरील खटल्याच्या मंजुरीचा निर्णय नव्या संहितेनुसार १२० दिवसांत द्यावा लागतो, अन्यथा मंजुरी दिली असे मानले जाते. तेच १२० दिवस येथे लागू करावेत, आणि नकाराची कारणे मृतांच्या कुटुंबीयांच्या हाती लेखी द्यावीत.