आल्याचा रस आणि एक्सोसोमची कुपी

गुडघेदुखी, केसगळती, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या. एकाच कुपीत या सगळ्यांवर इलाज असल्याचे सांगणाऱ्या जाहिराती आता आपल्या ओळखीच्या झाल्या आहेत. कुपीतल्या द्रव्याचे नाव एक्सोसोम, आणि ते मूळ पेशींपासून काढलेले. अलीकडे तिच्या शेजारी दुसरी, ‘नैसर्गिक’ कुपी येऊन बसली आहे. आल्याची, द्राक्षाची, दुधाची. ‘नैसर्गिक’ म्हटले की आपल्या घरांत निम्मा विश्वास आधीच बसतो. म्हणून हिशेब मांडलेला बरा.

पेशी अतिसूक्ष्म बुडबुडे बाहेर टाकतात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील रोझ जॉन्स्टन यांनी मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशींवर काम करताना १९८३ साली त्यांचे वर्णन केले. हा पेशीचा केरकचरा, अशी तेव्हा समजूत होती. पुढे कळले की त्यात प्रथिने आणि आरएनए असतात, आणि दुसऱ्या पेशींना त्यातून निरोप पोचतात. टपालच म्हणा. मूळ पेशींचे हे टपाल दुखावलेल्या अवयवाला उपयोगी पडेल, ही आशा निराधार नाही. पण त्या पेशी निर्जंतुक प्रयोगशाळेत महागड्या द्रवात वाढवाव्या लागतात आणि हाती लागणारा माल थोडा.

त्यामुळे संशोधक भाजीबाजाराकडे वळले, आणि तेही अक्षरशः. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात डिडिये मर्लिन यांच्या गटाने आले मिक्सरमधून काढले, रस अतिवेगवान यंत्रात घुसळून त्यातले सूक्ष्म कण वेगळे केले आणि आतड्याला सूज आलेल्या उंदरांना पाजले. सूज उतरली. हे २०१६ साली प्रसिद्ध झाले. लुइव्हिल विद्यापीठात द्राक्षाचे, ग्रेपफ्रूटचे कण आणि गाईच्या दुधातले एक्सोसोम औषध वाहून नेण्यासाठी तपासले गेले. काम चांगले आहे, स्वस्तही पडेल.

मात्र आल्याच्या टपालात मजकूर आल्याचाच असतो. त्याने आतड्याची सूज उतरेल कदाचित. झिजलेल्या गुडघ्याला मूळ पेशी जे सांगतील असे आपण मानतो, ते आले सांगू शकत नाही. म्हणजे ‘पर्याय’ हा शब्दच इथे सैल पडतो. आणि सकाळचा आल्याचा चहा म्हणजे ते कण नव्हेत, हेही जाता जाता सांगून टाकतो. चहा प्यावा, चहा म्हणून.

मूळ पेशींच्या कुपीची बाजूही भक्कम नाही. नेब्रास्कातील रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला की, एक्सोसोमचे एकही उत्पादन मंजूर नाही. आपल्याकडे आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे रक्ताच्या ठरावीक आजारांतील रोपण सोडले, तर मूळ पेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करा म्हणतात.

बँकेत असताना मुदत ठेव मोडायला येणारी माणसे मी वर्षानुवर्षे पाहिली. लग्नासाठी आलेला बाप व्याज किती बुडेल ते दोनदा विचारी. आजारपणासाठी आलेला विचारतच नसे. सही कुठे करू, एवढेच. दोन्ही कुप्यांचे गिऱ्हाईक हाच माणूस आहे.

त्याने दवाखान्यात एवढे तरी विचारावे : हा उपचार की चाचणी? चाचणी असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत तिचा क्रमांक असतो, आणि तो कोणालाही फुकट पाहता येतो. तो मागावा. कुपी आल्याची असली तरीही.