शेजाऱ्यांचे दिसते, घरचे दिसत नाही

वाचकहो, आम्ही पेशाने कारकून. वीस-बावीस वर्षे जमाखर्चाच्या वह्या सांभाळण्यात गेली. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी वही फाडत नाही. फरक किती येतो ते आधी पाहायचे. त्या फरकाला नवाने नि:शेष भाग गेला, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी, ५४ च्या जागी ४५ लिहिले गेले असावेत, असा पहिला संशय धरायचा. हीच सवय गेल्या महिन्यात एका लॅपटॉपच्या कामी आली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची धाकटी बहीण कल्याणला दोन खोल्यांच्या घरात राहते. भाची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेहुण्यांनी तिच्यासाठी जुना वापरलेला लॅपटॉप घेतला होता आणि तो दीड वर्ष बिनतक्रार चालत होता. शनिवारी रात्री तिचा फोन आला. "मामा, लॅपटॉपला घरचं वाय-फाय दिसतच नाही. सोमवारी शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळं स्कॅन करून लॅपटॉपमध्येच ठेवलंय."

दुरुस्तीच्या दुकानात दाखवून झाले होते. 'वायरलेसचे कार्ड गेले, साडेतीन हजार लागतील', असे उत्तर मिळाले होते. मेहुणे उसनवारीच्या विचारात होते. शेवटी पोरगी हळूच म्हणाली, "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल."

या शेवटच्या वाक्यानेच आम्ही रविवारी सकाळची गाडी पकडली.

घरी पोहोचल्यावर आम्ही पहिला प्रश्न विचारला, की लॅपटॉपला कोणतेच नेटवर्क दिसत नाही, की फक्त आपलेच दिसत नाही? भाचीने यादी उघडली. शेजाऱ्यांची चार नावे दिसत होती, घरचे मात्र नव्हते. दुसरा प्रश्न असा, की मोबाइलला घरचे नाव दिसते का? दिसत होते, चालतही होते.

वाचकहो, या दोन उत्तरांतच निम्मे निदान झाले. चार शेजारी ज्याला दिसतात, त्याचे कार्ड मेलेले कसे असेल? आणि मोबाइलला नाव दिसते, म्हणजे घरातला राउटरही जिवंत आहे. दोघेही धडधाकट, फक्त एकमेकांची भाषा जुळत नाही. दुकानदाराने हे दोन प्रश्न विचारलेच नव्हते. साप साप म्हणून भुई धोपटण्याचे साडेतीन हजार!

पण निदानापूर्वी अर्ज महत्त्वाचा. "राउटर आला त्या खोक्यात एक वायर होती ना?" असे विचारताच बहिणीने माळ्यावरून खोके काढले. वायर अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होती. तिचे एक टोक राउटरला, दुसरे लॅपटॉपच्या बाजूच्या चौकोनी खाचेत लावले. इंटरनेट सुरू झाले. टीव्हीखालच्या स्टुलावर बसून पोरीने तासाभरात अर्ज भरला आणि पोच जपून ठेवली. ज्या लॅपटॉपला अशी खाच नसते, त्याला मोबाइल चार्जिंगच्या वायरने जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे, तेवढ्यापुरते काम भागते. आधी मुदत सांभाळावी, मग दुरुस्तीला बसावे.

मग तिसरा प्रश्न विचारला. बंद पडण्याच्या आधी घरात काय बदलले? मेहुणे म्हणाले, "काही नाही." बहीण म्हणाली, "अहो, मंगळवारी तो मुलगा नवा डबा बसवून गेला नाही का?" नवा राउटर! फरक सापडला.

हा मामला समजायला जुना ट्रान्झिस्टर आठवावा. ज्यात फक्त मीडियम वेव्ह होती, त्यावर एफ.एम. केंद्र कधीच लागत नसे. ट्रान्झिस्टर बिघडलेला नसे, त्यात तो पट्टाच नसे. वाय-फायचेही घरोघरी मुख्य दोन पट्टे असतात. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिला भिंतींतून बरा पार होतो, पण त्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी फार आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचाही त्रास. दुसरा वेगवान, पण भिंती आडव्या आल्या की लवकर थकतो. आपल्या देशात पहिला पट्टा २००५ साली परवान्याविना वापरायला मोकळा झाला, तर दुसऱ्याचा मोठा भाग २०१८ साली. जुन्या स्वस्त लॅपटॉपांत पुष्कळदा फक्त पहिल्याच पट्ट्याचे कार्ड असते. ५ वर चालणारे नेटवर्क त्याला दिसणारच नाही, ते हाताशेजारी असले तरी.

आपल्या लॅपटॉपला कोणता पट्टा कळतो, हे फुकटात पाहता येते. विंडोजच्या शोधपट्टीत सीएमडी लिहून काळी खिडकी उघडावी. तीत 'नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' ही आज्ञा इंग्रजीत टाकावी (नेटश म्हणजे एन-ई-टी-एस-एच). उत्तरात 'रेडिओ टाइप्स सपोर्टेड' अशी ओळ येते. तीत ८०२.११ पुढे फक्त बी, जी, एन ही अक्षरे असली, तर यंत्र २.४ वालेच आहे. ए, एसी किंवा एएक्स असेल, तर ५ देखील चालते. भाचीच्या लॅपटॉपला बी, जी, एन एवढीच अक्षरे होती. मोबाइलमध्ये घरच्या नेटवर्कचा तपशील उघडला, तर तिथे ५ गिगाहर्ट्झ. तेरीज जुळली.

राउटरच्या पोटाखाली चिठ्ठी चिकटवलेली असते. तीवर १९२.१६८.१.१ असा पत्ता, नाव व परवलीचा शब्द असतो. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकताच राउटरचे पान उघडले. २.४ चा विभाग चक्क बंद होता. तो सुरू केला, त्याला वेगळे नाव दिले आणि चॅनल ६ ठेवले. दोन मिनिटांत लॅपटॉपच्या यादीत पाचवे नाव आले. भाचीने ते मोठ्याने वाचले.

चॅनलबद्दल एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. आपल्याकडे २.४ च्या पट्ट्यात १ ते १३ चॅनल वापरता येतात, अमेरिकेत साधारणपणे ११ पर्यंतच. नातेवाइकाने तिकडून आणलेला लॅपटॉप १२ किंवा १३ वरचे नेटवर्क दाखवत नाही, असे होऊ शकते. राउटर १, ६ किंवा ११ वर ठेवला की हा प्रश्न उरत नाही.

ज्यांच्या लॅपटॉपला एकही नाव दिसत नाही, त्यांचा रस्ता वेगळा आहे. विमानाचे चिन्ह असलेला 'एअरप्लेन मोड' चालू नाही ना, ते पाहावे. काही जुन्या लॅपटॉपांच्या कडेला वायरलेसचे छोटे सरकते बटण असते, ते पुसताना सरकते. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'नेटवर्क अडॅप्टर्स' उघडावे. कार्डावर खाली जाणारा बाण असेल तर ते बंद केलेले आहे, 'एनेबल' करावे. पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हरची तक्रार आहे, तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. 'सर्व्हिसेस'मध्ये 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' चालू आहे की नाही तेही बघावे. एवढे करूनही कार्ड यादीत नसेलच, तर मग दुकान गाठावे.

आणि मोबाइललाही घरचे नाव दिसत नसेल, तर लॅपटॉपला हात लावू नये. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा. तो लोखंडी कपाटामागे कोंबला असेल तर उघड्यावर आणावा. कोणी नाव लपवून ठेवले असेल, तर ते राउटरच्या पानावर पुन्हा दिसते करावे.

निघताना आम्ही भाचीला शंभर पानी वही दिली आणि त्यात तीन गोष्टी लिहायला सांगितल्या. राउटरचा पत्ता व परवलीचा शब्द, घरात कोणते यंत्र कोणत्या पट्ट्यावर चालते, आणि ज्या दिवशी काही बदलले ती तारीख. तिने पहिल्या ओळीत मंगळवारची तारीख टाकली. पुढे लिहिले, 'नवा राउटर बसवला.' आणि त्याखाली, 'माझी चूक नव्हती.'

वाचकहो, यंत्र अडले की घरात पहिला संशय वापरणाऱ्या पोरीवर जातो, नाहीतर ती स्वत:च तो ओढवून घेते. दुकानात पैसे मोजण्यापूर्वी वरचे तीन प्रश्न घरातच विचारावेत, आणि ते विचारायला मुलींनाच पुढे करावे, ही विनंती. मागच्या रविवारी भाचीचा फोन होता. शेजारच्या काकूंचा लॅपटॉप तिच्यापुढे उघडा होता. "मामा, यांना एकही नाव दिसत नाही. आधी कडेचं बटण बघते."